गल्ल्यावर बसणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी

आमच्या मंडळीतल्या दोघा पोरांनी यंदा किराण्याचं दुकान टाकलं. धंद्यात वचन कसं पाळायचं, हे विचारायला पाळकसाहेबांनी त्यांना माझ्याकडे धाडलं. मी नेवासे तालुक्यातली, लग्न होऊन आले तशी गल्ल्यावर बसते. प्रवचन मला जमत नाही, काटा कळतो. त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते.

पहिलं काम काट्याचं. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय उघडा, नीतिसूत्रे ११ चं पहिलंच वचन वाचा, मग अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २५ वा अध्याय. पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवायची नाहीत, म्हणजे घ्यायला जड आणि द्यायला हलकं असलं काही नको. आता शेतकऱ्याची बाजरी मोजायला मागच्या खोलीत एक काटा आणि पुढे विकायला दुसरा, ही तीच पिशवी झाली. घ्यायला-द्यायला एकच काटा ठेवा. त्याची दरवर्षी सरकारी पडताळणी करून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. शिक्का मारलेलं किलोचं वजन गल्ल्याशेजारी ठेवा आणि सकाळी झाडलोट झाली की काट्यावर टाकून बघा. डबा आधी ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, मगच साखर ओतायची. गिऱ्हाईकाच्या बाजूचा आकडा उघडा हवा. गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या नेमक्या त्याच्यापुढेच कशा येऊन बसतात, देव जाणे!

तेलाचं वेगळं सांगते. म्हातारी माणसं “किलोभर तेल दे” म्हणतात आणि आपण लिटरची पिशवी पुढे करतो. लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. पिशवीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, पण आजीला ते दिसतं थोडंच? “आजी, ही लिटरची आहे, किलोला कमी भरते” एवढं तोंडाने बोला. कायदा तुम्हाला ते विचारणार नाही. आमोस ८ मध्ये माप लहान करणाऱ्यांवर आणि गव्हाचा भुसा विकणाऱ्यांवर संदेष्टा किती तापलाय ते वाचा, म्हणजे मी एवढं का ताणते ते कळेल. पोत्याच्या तळाचा गहू चाळूनच विका.

उधारी द्यावीच लागते. रोख धंदा खेड्यात चालत नाही. निर्गम २२ मध्ये गरिबाकडून व्याज घेऊ नका असं स्पष्ट आहे, म्हणून थकलेल्या खात्यावर “वरचे वीस-तीस” चढवायचे नाहीत. तुमच्या वहीत लिहाल ते गिऱ्हाईकाच्या वहीतही त्याच वेळी लिहा. रेशनकार्ड किंवा शिलाई मशीन अडकवून ठेवू नका. अनुवाद २४ मध्ये जात्याची तळी गहाण घ्यायला मनाई आहे, कारण त्यावर घर जगतं. त्याच अध्यायात माझं आवडतं वचन आहे: गहाण आणायला गेलात तर घरात शिरू नका, बाहेर उभे राहा. वसुलीला मी हेच लावते. उंबऱ्याबाहेरून हाक मारायची, सासू-सुनांसमोर आकडा बोलायचा नाही. पैसे बुडतील म्हणाल, तर काही बुडतात.

हमालाची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. तेही अनुवाद २४ मध्येच आहे. “सुट्टे नाहीत, उद्या ये” हे कारण दुकानदाराच्या तोंडी शोभत नाही.

भावात घासाघीस होणारच. नीतिसूत्रे २०:१४ मधलं गिऱ्हाईक घेताना माल वाईट, वाईट म्हणतं आणि घरी जाऊन बढाई मारतं. हजारो वर्षांत त्याच्यात फरक नाही. तुम्ही मात्र “आईशप्पथ, खरेदीलाच एवढा पडला” म्हणू नका. मत्तय ५:३७ प्रमाणे होय तर होय, नाही तर नाही. खरेदी सांगायची नसेल तर सांगू नका, खोटी सांगू नका.

रविवारी दुकान बंद ठेवावं का? आम्ही उपासना सुटेपर्यंत ठेवतो. ज्यांच्या गावचा बाजारच रविवारी भरतो, त्यांना मी दोष देत नाही; रोमकरांस १४ मध्ये ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करावी म्हटलंय. पण शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कधी संपतो नि कोठार कधी उघडतो असं आमोसच्या काळातल्या व्यापाऱ्यांना झालं होतं, तसं बाकावर बसून मोबाइलवर भाव बघत असाल तर शटर पाडून उपयोग काय?

दानार्पणाची रक्कम शनिवारी गल्ला मोजतानाच बाजूला काढा. त्याच वेळी आठवड्याच्या बिलांवर नजर टाका. कुणाकडून जास्त घेतलेलं सापडलं तर बायबलमधल्या जक्कय जकातदारासारखं चौपट द्या असं मी म्हणत नाही, पण जास्त घेतलेलं सगळं परत करा, आणि ते दान टाकायच्या आधी. मत्तय ५:२३-२४ मधला क्रम तोच आहे: आधी भावाशी समेट, मग वेदीवर दान. पोराच्या हाती पाठवू नका. स्वतः जा आणि पैसे कसले ते सांगा, नाहीतर समोरचा तुमच्या पुढच्या उधारीत वळते करून घ्या म्हणेल आणि विषय तिथेच मिटेल.