सिझेरियन नको, इंजेक्शन नको: गरोदर बाईने नकार कसा नोंदवावा

सज्ञान आणि शुद्धीवर असलेली गरोदर बाई कुठलाही उपचार नाकारू शकते. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) असो, मडगावचं जिल्हा इस्पितळ असो की खासगी नर्सिंग होम, कायदा तोच. सही तिचीच लागते. नवऱ्याची, सासूची किंवा आईची तिच्या जागी चालत नाही. समीरा कोहली खटल्यात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती संमती ग्राह्य धरली नाही. जीव धोक्यात आहे आणि बाई बोलण्याच्या स्थितीतच नाही, अशा वेळी मात्र डॉक्टर संमतीवाचून जीव वाचवू शकतात.

तोंडी दिलेला नकार डॉक्टरांची ड्युटी बदलली की हरवतो. रात्रीच्या डॉक्टरांच्या हातात फक्त केस पेपर असतो, म्हणून नकार तिथेच यायला हवा. आधी विचारा: हे कशासाठी, धोका काय, दुसरा उपाय कोणता, आणि नाही केलं तर मला व बाळाला काय होऊ शकतं? हे तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत किंवा कोंकणीत वाचून दाखवायला सांगा. उत्तरं नीट ऐका. नाळ बाहेर आली असेल किंवा वार खाली असून रक्त जात असेल, तर निर्णयाला मिनिटंच असतात. मग लिहा, एका वेळी एकाच गोष्टीबद्दल:

‘कळा वाढवायचं इंजेक्शन नको. धोके मला मराठीत समजावले. बाळाचे ठोके बघणं, आतून तपासणी आणि गरज पडल्यास रक्त चढवणं चालेल. मत बदललं तर सांगेन.’

खाली तारीख, वेळ, सही. पानाचा मोबाईलवर फोटो काढा.

यातलं ‘चालेल’ सोडू नका. नुसतं ‘काही नको’ लिहिलं की समोर डामाचा फॉर्म येतो, आणि डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाणं. एक इंजेक्शन नाकारलं म्हणून घरी जावं लागत नाही. घरी जायचं नसेल तर त्या फॉर्मवर सही करूच नका.

भरती होतानाचा संमतीचा फॉर्मही वाचा. कोऱ्या जागा असतील तर आधी भरून घ्या, मगच सही. प्रसूतीनंतर तांबी बसवायची किंवा नसबंदी करायची की नाही, हे सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवून केस पेपरवर लिहून घ्या. कळा चालू असताना पुढे केलेल्या कागदावर विचारपूर्वक संमती होत नाही.

‘बाळाला काही झालं तर पोलिसांत देऊ’ असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. सिझेरियन नाकारणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा नाही. गुन्हा वेगळ्या ठिकाणी आहे. कलम ८८ खाली बेकायदा गर्भपात घडवणारा दोषी ठरतो आणि स्वतः गर्भ पाडणारी बाईही त्यात येते, म्हणून फार्मसीतून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. उलट बाईच्या संमतीशिवाय गर्भपात केला तर कलम ८९ प्रमाणे दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप होऊ शकते. कायदेशीर गर्भपातालाही अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. अठराखाली किंवा मानसिक आजार असेल तर पालकाची लेखी संमती लागते.

बाळ जन्मलं की ते कायद्याने वेगळी व्यक्ती. त्याचे उपचार नाकारणं तुमचे स्वतःचे उपचार नाकारण्यासारखं नाही. तिथे आईबापांवर काळजीची जबाबदारी येते.

न विचारता काही केलं असेल, तर आधी रेकॉर्डसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत ते मिळायला हवेत. मग विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा: बायकांना, मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो.