आपल्या भागातील धर्मादाय रुग्णालयाचा इतिहास कसा लिहावा

गिरगाव, दादर, परळ, विलेपार्ले अशा भागांत एखाद्या ज्ञातिसंस्थेने, न्यासाने किंवा रहिवाशांनी वर्गणी काढून उभारलेले रुग्णालय असते, आणि सुवर्णमहोत्सव जवळ आला की त्याचा इतिहास लिहिण्याचे काम बहुधा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात पडते. त्याने जुन्या स्मरणिकेचाच विस्तार करण्याचा मोह टाळावा. स्मरणिकेत अध्यक्षांची छायाचित्रे भरपूर असतात. खाटा किती होत्या, हे मात्र शोधूनही सापडत नाही. रुग्णालय कोणत्या गरजेपोटी किती वाढले, हे सांगता आले तरच तो त्याचा इतिहास. एरवी ती देणगीदारांची यादी होय.

प्रथम स्थापनेची तारीख निश्चित करावी, आणि हे काम वाटते तितके सोपे नाही. संस्थेची नोंदणी, कोनशिला, बाह्यरुग्ण विभागाचा आरंभ आणि समारंभपूर्वक उद्घाटन या चार वेगळ्या घटना असून त्यांच्यात वर्षांचे अंतर पडू शकते. जे. जे. रुग्णालयाचेच पाहा: कोनशिला १८४३ मधली, तर रुग्णालय सुरू झाले १८४५ मध्ये. लहान रुग्णालयांच्या बाबतीत आणखी एक चकवा आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली झाला आणि त्याखालील नोंदणी पुढच्या काही वर्षांत झाली. त्यामुळे त्याआधी कितीतरी वर्षे चालू असलेल्या दवाखान्याच्या कागदावरही नोंदणीचे वर्ष १९५२ किंवा १९५३ दिसू शकते. ते जन्मवर्ष समजू नये. चारही तारखा मजकुरात द्याव्यात आणि महोत्सव कोणत्या तारखेचा करायचा, ते विश्वस्तांवर सोडावे.

न्यासाच्या नोंदी वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात मिळतात. तेथील नोंदवहीचा उतारा आणि विश्वस्तांच्या बदलाचे अर्ज पाहिले, तर कोणत्या पिढीत कारभार कोणाकडे गेला, ते स्पष्ट होते. जागेसाठी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि इमारतीसाठी महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, पाहावे. इमारत प्रत्यक्ष वापरात कधी आली, याचा अंदाज उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीपेक्षा या प्रमाणपत्रावरून अधिक चांगला येतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत वैद्यकीय संस्थांना वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जागेवर अधिक बांधकाम, देण्याची तरतूद होती. म्हणून त्यानंतर जुनी बैठी इमारत पाडून मजले चढवले असतील, तर ते केवळ एका दात्याच्या औदार्याने घडले असे लिहिण्यापूर्वी मंजुरीचे कागद तपासावेत.

खरा ऐवज मात्र विश्वस्त मंडळाच्या सभांच्या इतिवृत्तांत असतो. ही जाड बांधणीची पुस्तके बहुधा माळ्यावर, जुन्या क्ष-किरण फिल्मच्या गठ्ठ्यांखाली पडलेली असतात. ती वाचताना ठराव मंजूर झाला एवढेच टिपू नये. तो किती वेळा पुढे ढकलला गेला, तेही टिपावे. प्रसूतिगृहाला रात्रपाळीची परिचारिका नेमण्याचा विषय तीन सभा लांबला असेल, तर त्या तीन सभांत संस्थेची आर्थिक अवस्था जितकी दिसते, तितकी कोणत्याही अहवालात दिसणार नाही. इतिवृत्तांशेजारी त्याच वर्षांचा लेखापरीक्षित जमाखर्च ठेवावा आणि देणग्या व रुग्णांकडून मिळालेले शुल्क यांचे प्रमाण कसे बदलत गेले, ते पाहावे. धर्मादाय दवाखान्याचे शुल्क घेणारे रुग्णालय कधी झाले, हे त्यातून कळते. हा भाग विश्वस्तांना फारसा आवडत नाही, तरी तो गाळू नये. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना ठरवून दिली, तिच्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखण्याचे बंधन आहे. त्यानंतरच्या वर्षांची माहिती त्या हिशेबाने तपासावी.

एवढे झाल्यावर दर पाच वर्षांसाठी खाटा, विभाग, डॉक्टर आणि परिचारिका यांची संख्या एका तक्त्यात मांडावी, आणि जिथे संख्या एकदम उडी घेते तिथे थांबून शहरात तेव्हा काय चालले होते, ते शोधावे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाल्यावर सक्तीच्या विलगीकरणाची एवढी धास्ती पसरली की गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढे अनेक ज्ञातींनी स्वतःची प्लेग रुग्णालये काढली, त्यामागे हेच भय होते. गिरणगावातील रुग्णालयाच्या बाबतीत १९८२ च्या गिरणी संपानंतरची वर्षे, तर उपनगरांत २६ जुलै २००५ च्या पुरानंतरचे महिने बारकाईने पाहावेत. मात्र कागदात आधार नसेल, तर केवळ तारखा जुळतात म्हणून कार्यकारणसंबंध जोडू नये.

मुलाखती सर्वांत शेवटी घ्याव्यात, म्हणजे नेमके प्रश्न विचारता येतात. डॉक्टरांइतकाच वेळ निवृत्त मेट्रन (मुख्य परिचारिका), आया, वॉर्डबॉय आणि स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांना द्यावा. लिफ्ट येण्यापूर्वी रुग्णाला स्ट्रेचरवरून दुसऱ्या मजल्यावर कसे नेत, हे त्यांनाच ठाऊक असते. प्रसूतीच्या व शस्त्रक्रियेच्या नोंदवह्यांतून आकडे घ्यावेत, पण रुग्णांची नावे, पत्ते आणि आजार कितीही जुने असले तरी छापू नयेत. मसुदा तयार झाला की विश्वस्तांकडे पाठवण्यापूर्वी तो जुन्या मेट्रनबाईंना वाचून दाखवावा आणि त्यांनी सुचवलेली प्रत्येक दुरुस्ती पुन्हा इतिवृत्ताशी ताडून पाहावी.