पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाला रंग परत आला
माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले युफिलिया नावाचे प्रवाळ पांढरेफटक पडले, तरी त्याचा मांसल भाग शाबूत होता. म्हणजे ते मेले नव्हते, केवळ पेशींत राहून प्रकाशावर अन्न तयार करणारी सूक्ष्म शैवले निघून गेली होती. अशा वेळी प्रकाश वाढवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण तो मला घातक वाटतो. मी प्रवाळ तळाशी सावलीत हलवले, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवले आणि पाण्यातले शून्याला टेकलेले नायट्रेट, म्हणजे शैवलांना लागणारे पोषकद्रव्य, ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत पाच भाग) आसपास आणले. शैवलांवाचून प्रवाळ उपाशीच राहते, म्हणून दिवे मालवल्यावर पंप बंद करून, बारीक केलेले मायसिस (कोळंबीसारखे चिमुकले जीव) ड्रॉपरने थेट त्याच्या तोंडाशी सोडत गेलो. प्रथम तोंडाभोवती फिकट तपकिरी छटा उमटली, म्हणजे शैवले परतू लागली. प्रकाश त्यानंतरच, तोही हळूहळू, वाढवला.