किक पेडलवर बेसलाइन: एका ठोक्याला दोन सूर का सरकत होते

बेसलाइन, म्हणजे बेसच्या सुरांची ओळ, सीक्वेन्सरमध्ये (सूर क्रमाने साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) भरायची आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या किक पेडलच्या प्रत्येक ठोक्याला तिचा पुढचा सूर वाजवायचा, असा बेत होता. क्लिक (मेट्रोनोमची टकटक) नको, लय ड्रमरच्या पायात. पण मध्येच एका ठोक्याला दोन सूर सरकायचे आणि पुढची सगळी ओळ चुकीच्या कॉर्डवर पडायची.

बीटर (पेडलचा हातोडा) पॅडवर आपटून किंचित उसळतो. ती उसळी मॉड्यूलला (पॅडवरचे ठोके ओळखणाऱ्या डब्याला) दुसरा ठोका वाटते. नुसत्या ड्रमच्या आवाजात हे खपून जातं, इथे नाही. थ्रेशोल्ड (ठोका धरला जायला लागणारा किमान जोर) वाढवला तर हलके ठोके गायब. खरा उपाय मास्क टाइम, म्हणजे एका ठोक्यानंतर मॉड्यूल जेवढा वेळ दुसरा ठोका धरत नाही तो. तो ८० मिलिसेकंद ठेवला. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) सोळांश सूर, म्हणजे एका बीटमधले चार, १२५ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात, त्यामुळे खरा ठोका गिळला जात नाही. (डबल पेडलवाल्यांनी आपला हिशोब करावा.)

दुसरी कटकट सूर तुटण्याची. मॉड्यूल नोट ऑनमागोमाग (सूर सुरू करायचा संदेश) लगेच नोट ऑफ (सूर बंद करायचा संदेश) पाठवायचं, म्हणून बेस नुसता टकटक वाजायचा. तो नोट ऑफ गाळला. आता आधीचा सूर पुढच्या ठोक्यालाच बंद होतो. व्हेलॉसिटीही (ठोक्याच्या जोराचं माप) एका आकड्यावर बांधली, पायाचा जोर बेसमध्ये ऐकू आलेला मला तरी आवडत नाही. शिवाय एक पॅड, आवाज बंद करून, ओळ पहिल्या सुरावर आणण्यासाठी राखून ठेवलं आहे.