स्पेनच्या जुन्या वेलींची रेड वाईन: कोकणात कशी निवडायची, कशी सांभाळायची, कशासोबत घ्यायची

रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची, हा सल्ला मालवण-वेंगुर्ल्याकडे सरळ बाजूला ठेवायचा. तो आला युरोपातल्या थंड घरांमधनं, जिथे खोलीतच सोळा-अठरा डिग्री असायचं. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली बसलं तरी घरात तीस-बत्तीस असतं, आणि तेवढ्या गरम वाईनमधनं पहिल्यांदा नाकात जातं ते अल्कोहोल, मग जिभेवर नुसता तुरटपणा, फळाची चव कुठे गेली ते कळतच नाही. स्पेनच्या जुन्या वेलींच्या वाईनला हा त्रास जास्तच, कारण त्यातल्या बऱ्याच 14 ते 15 टक्क्यांच्या असतात. कोणी तरी परदेशातनं येताना महागाची बाटली आणतं, ती कपाटात वर्षभर पडून राहते, मग गणपतीला सगळे जमले की उघडतात, एक घोट घेऊन तोंड वाकडं करतात आणि ठरवतात की रेड वाईन आपल्याला जमत नाही. जमते, आणि आपल्या जेवणासोबत तर फार छान जमते, फक्त निवडायची कोणती आणि द्यायची कशी हे नीट बघावं लागतं.

आधी जुन्या वेली म्हणजे काय ते बघू, कारण पैसे त्याचेच जातात. कोकणातल्या माणसाला हे लवकर समजेल, कारण रायवळच्या कोयीवर हापूसची काडी बांधायची हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. युरोपातल्या द्राक्षांचंही तेच झालं, पण नाईलाजाने. फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड अमेरिकेतनं युरोपात आली, 1860 च्या दशकात फ्रान्सच्या बागा तिने संपवायला घेतल्या आणि 1878 मध्ये ती स्पेनमध्ये मालागाकडे सापडली. औषध काही चालेना, शेवटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपियन द्राक्षाची कलमं बांधायला लागले आणि आज जगातल्या बहुतेक वाईनच्या बागा अशा कलमीच आहेत. पण ही कीड वाळूत नीट जगत नाही, त्यामुळे स्पेनमध्ये तोरोसारख्या भागात, जिथे जमीन रेताड आहे, तिथे स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या शंभर वर्षांच्या वेली अजून सापडतात. बाकी ठिकाणच्या बऱ्याच जुन्या वेली कलमी असल्या तरी साठ-सत्तर-ऐंशी वर्षांच्या आहेत.

वेल म्हातारी झाली की द्राक्षं कमी लागतात. मणी बारीक राहतो, रसाच्या मानाने सालीचा भाग जास्त येतो आणि रंग, वास, तुरटपणा बराचसा सालीतनंच येतो. मुळं खोल गेलेली असल्यामुळे कडक उन्हाळ्यातही वेल तग धरते. नाशिकसारखा तारांवर चढवलेला मांडव तिथे नसतो, जमिनीलगत गुडघाभर उंचीची सुटी सुटी झुडपं असतात, एकेकात बरंच अंतर ठेवून, कारण पाऊस कमी. अशा बागेत तोडणीचं मशीन चालत नाही, सगळं हाताने खुडायचं, आणि एवढं करून माल थोडा. म्हणून शेतकऱ्यांना त्या परवडत नव्हत्या. त्यात युरोपियन युनियनने 2008 ते 2011 या काळात वेली उपटायला अनुदान दिलं आणि स्पेनमधल्या कितीतरी जुन्या बागा त्यात गेल्या. हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण झाड उपटायला एक दिवस पुरतो पण ऐंशी वर्षांची वेल परत आणायला ऐंशी वर्षंच लागतात.

ज्या वाचल्या त्या काही हट्टी माणसांमुळे वाचल्या. बार्सिलोनाच्या नैर्ऋत्येला प्रिओरात म्हणून डोंगराळ भाग आहे, काळ्या पाटीच्या दगडाची उतरण, तिथल्या ग्रातायोप्स गावात रेने बार्बिए, अल्वारो पालासिओस आणि त्यांचे सोबती 1980 च्या दशकाच्या शेवटी गेले, गार्नाचा आणि कारिन्येना या द्राक्षांच्या जुन्या वेली हाताशी घेतल्या आणि 1989 ची पहिली वाईन काढली. पुढे पालासिओसनी भाच्याबरोबर 1999 मध्ये वायव्येकडच्या बिएर्सोत मेन्सिया द्राक्षावर काम सुरू केलं. माद्रिदच्या पश्चिमेला ग्रेदोसच्या डोंगरात 2008 पासून कोमांडो जी नावाची जोडगोळी उंचावरच्या जुन्या गार्नाचापासून इतकी हलकी, सुगंधी वाईन करते की हे तेच द्राक्ष का असा प्रश्न पडतो. या नव्या वायनरींचं काम बघितलं तर यंत्रापेक्षा हात जास्त दिसतो: छोट्या क्रेटमध्ये तोडणी म्हणजे घड दबत नाहीत, टेबलावर सडके मणी बाजूला, बागेतलंच यीस्ट, आणि मुरवायला नव्या 225 लिटरच्या पिंपांऐवजी मोठी जुनी लाकडी पिंपं, सिमेंटच्या टाक्या किंवा मातीचे रांजण. 1990 च्या दशकात नव्या ओक लाकडाच्या पिंपाचा वास भरपूर हवा असायचा, आता बऱ्याच जणांनी तो कमी केलाय, आणि माझ्या मते आपल्या मसाल्याच्या जेवणाला ही नवी पद्धत कितीतरी बरी.

आता दुकानात. लेबलवर विन्यास व्हिएहास किंवा कातालान भाषेत विन्येस वेयेस, म्हणजे जुन्या वेली, असं लिहिलेलं दिसेल, पण लक्षात ठेवा, किती वर्षांची वेल म्हणजे जुनी याचा देशभर लागू असा एक नियम स्पेनमध्ये नाही. रिओहा या स्पेनमधल्या वाईनच्या भागात 2017 पासून विन्येदो सिंगुलार हा एक वर्ग आहे, त्यात वेल किमान 35 वर्षांची लागते आणि तोडणी हाताने, त्यामुळे तो शब्द दिसला तर थोडी खात्री धरायला हरकत नाही. कॅम्पो व्हिएहो हा रिओहाचा मोठा ब्रँड आपल्याकडे दिसतो, त्यातलं व्हिएहो, म्हणजे जुना, हा ब्रँडच्या नावाचा भाग आहे, वेलींच्या वयाशी त्याचा संबंध जोडू नका. क्रिआन्सा, रेसेर्व्हा, ग्रान रेसेर्व्हा हे शब्द वाईन किती वर्षं मुरवली ते सांगतात, रिओहाच्या रेडसाठी अनुक्रमे किमान दोन, तीन आणि पाच वर्षं, पण वेलींबद्दल त्यात काहीच नाही. मी स्वतः आधी द्राक्षाचं नाव आणि गावाचं नाव बघतो, मग अल्कोहोलचा आकडा. कोकणात प्यायची असेल तर साडेतेरा-चौदाच्या आतली घ्या, पंधराची तोरो किंवा प्रिओरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीसाठी ठेवा.

बाटली हातात घेतल्यावर आणखी एक काम करा, कारण आपल्याकडे माल कसा आलाय याला फार महत्त्व आहे. मानेकडे उजेडात धरून बघा, वाईनची पातळी बुचापासून फार खाली गेलीय का. वरची टोपी बोटाने फिरवून बघा, सहज फिरली तर बरं, चिकटून बसली असेल आणि कडेला वाळलेला चिकट डाग असेल तर वाईन आतनं बाहेर आलीय म्हणजे कुठेतरी तापलीय. बूच टोपीला खालनं ढकलून वर आलेलं जाणवतं का बघा. यातलं काही दिसलं तर ठेवून द्या, कितीही सवलत असू दे. शोकेसमध्ये उन्हात उभी केलेली बाटली तर घेऊच नका, आतल्या खोक्यातली मागा, दुकानदार देतात. परदेशी वाईनवर बरीच वर्षं 150 टक्के आयात शुल्क राहिलंय, त्यावर राज्याचे कर, त्यामुळे खराब बाटली घरी आली की फार लागतं मनाला.

सिंधुदुर्गातल्या लोकांना गोवा हाकेच्या अंतरावर, तिथे निवडही जास्त आणि दरही कमी, मोह होतोच. पण परवान्याशिवाय गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, वाईन असली तरी, आणि इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. गोव्यात गेलात तर तिथेच जेवणासोबत घ्या आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आणि इथली बाटली असो की तिथली, मे महिन्यात गाडीच्या डिकीत कधी ठेवू नका. मुंबई-गोवा हायवेवर जेवायला दीड तास थांबलात तेवढ्यात आतली वाईन शिजते.

घरी ठेवायचं म्हणाल तर जांभ्याच्या जुन्या घराचं माजघर बरं, पण वर्षानुवर्षं मुरवायला तेही गारच म्हणता येणार नाही. आपल्या हवेत सरळ मार्ग एकच, बाटली फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेच्या जागी आडवी ठेवायची आणि काही महिन्यांत संपवायची. लाईट जाते, दिवसभर येत नाही, पण फ्रीज उघडला नाही तर आतली बाटली लगेच तापत नाही, घाबरू नका. पावसाळ्यात लेबलवर बुरशी येते, फ्रीजबाहेर ठेवलीत तर हमखास येते, ती वरवरची असते, आतल्या वाईनला काही होत नाही. पण लेबल जपायचं असेल तर बाटलीला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळून ठेवा.

उघडायच्या दिवशी असं करा. फ्रीजमधली असेल तर जेवणाआधी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर काढा, बाहेरची असेल तर दीड-दोन तास फ्रीजमध्ये. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी, दोन्ही हवं, नुसत्या बर्फाने बाटली लवकर गार होत नाही, त्यात मूठभर जाडं मीठ टाका की पंधरा मिनिटांत काम होतं. 14-15 डिग्रीच्या आसपास आणायची, ग्लासात ओतल्यावर ती आपोआप दोन-तीन डिग्री चढतेच. ग्लास भरू नका, थोडी थोडी ओता आणि बाटली परत बादलीत. जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ तळाशी बसतो, मग मोबाईलचा टॉर्च मानेखाली धरून सावकाश जगमध्ये ओता, काळपट रेघ मानेकडे यायला लागली की थांबा. तोरो, प्रिओरात कोवळ्या असतील तर जगमध्ये तासभर हवा द्यावी लागते, पण आपल्याकडे तो तास जग फ्रीजमध्ये ठेवायचा. आणि ग्लास रिकामा असताना एकदा हुंगून बघा, पावसाळ्यात दमट फडक्याने पुसलेल्या ग्लासाला असा कुबट वास येतो की लोक वाईनला नावं ठेवतात.

जेवण. इथे मी जरा ठाम आहे. बांगडा फ्रायसोबत तोरो घेऊ नका. मसाल्यात घोळवलेला, कडेला कुरकुरीत झालेला बांगडा, एक घास खाल्ला आणि लगेच दाट रेडचा घोट घेतला की जिभेवर लोखंडाची चव येते आणि माशाचा वास दुप्पट होतो, इतका चांगला मासा फुकट जातो. वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी मिळून हा वास तयार करतं, जपानमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये हे दाखवून दिलंय. बांगडा, तारली, पेडवे असे तेलकट मासे असतील तर रेड विसरा. मोरीचं मटण मात्र चालतं, भाजलेल्या वाटणामुळे, आणि कुपा जाड तुकडे करून तव्यावर नुसता शेकला असेल तर गार मेन्सिया त्याला धरून जाते.

खरी जोडी आहे सागोती-वड्यांची. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, धणे, बडीशेप, मालवणी मसाला, हे सगळं गार्नाचाला आवडतं, कारण तिच्यात फळाचा गोडसर वास आहे आणि तुरटपणा मऊ. तिखट जास्त असेल तर अल्कोहोल त्याची आग वाढवतं, म्हणून परत तेच, कमी टक्क्यांची आणि गार. मटण सुकं असेल, काळ्या वाटणातलं, तर स्पेनच्याच हुमिया भागातली मोनास्त्रेल द्राक्षाची वाईन काढा, ती दाट आणि गडद असते. शाकाहारी घरात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, सोबत बिएर्सोची मेन्सिया, यापेक्षा चांगलं मी सुचवू शकत नाही. ओल्या काजूगरांची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजीही जुळते, फक्त नारळ गोड पडला असेल तर वाईन आंबट लागेल. सोलकढी मात्र मधेमधे नको, आमसुलाचा आंबटपणा आणि लसूण तोंडात असताना कुठलीच रेड नीट लागत नाही, ती शेवटी भाताबरोबर.

या महागाच्या बाटल्यांआधी हात बसवायचा असेल तर नाशिकच्या बाजूलाही टेम्प्रानियो हे स्पेनचं द्राक्ष लावलेलं आहे, त्याच्या वाईनवर थंड करण्याची, ओतण्याची सवय करा. त्या वेली कोवळ्या आहेत त्यामुळे चव वेगळी, पण तापमानाचा फरक तिथेही लगेच कळतो. अर्धी बाटली फ्रीजमध्ये गार करून आणि एक ग्लास बाहेरचा, शेजारी शेजारी घेऊन बघा.

उरलेल्या बाटलीला तेच बूच परत घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, दाट वाईन तीन दिवस नीट राहते, ग्रेदोससारखी हलकी असेल तर दुसऱ्याच दिवशी संपवा. त्याहून जास्त दिवस गेले तर फेकू नका, मटण परतताना, वाटण घालायच्या आधी, अर्धी वाटी ओता आणि वास उडेपर्यंत मोठ्या आचेवर आटवा. मग कोकम नेहमीपेक्षा एखाद-दोन कमी टाका, कारण आंबटपणा वाईनमधनं आधीच उतरलेला असतो.