प्रवासाचा वीट आला तेव्हा मुक्काम वाढवला (माझा अनुभव)

व्हिएतनाममध्ये दर तीन दिवसांनी गाव बदललं की दुसऱ्या महिन्यात देवळं, धबधबे, बाजार सगळं सारखंच दिसायला लागतं. खरं कारण झोप. रात्रीची स्लीपर बस पहाटे चारला उतरवते, खोली दुपारी दोनला मिळते. मधले दहा तास सॅक पायाशी घेऊन प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर जातात.

उपाय: दा लात या डोंगरातल्या शहरात तीन आठवडे मुक्काम. उंची सुमारे 1500 मीटर, हवा गार. तीन-चार दिवसांची विश्रांती पुरत नाही, ते दिवस कपडे धुण्यात आणि झोपण्यातच संपतात.

आगाऊ पैसे फक्त तीन रात्रींचे भरा. खोली पटली तर मालकाशी समोरासमोर महिन्याचा दर ठरवा आणि वीजबिल वेगळं आहे का, ते आधीच विचारा. सॅक पूर्ण रिकामी करून कपडे कपाटात लावा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्वयंपाकघर हवंच: सोललेली मूगडाळ, तांदूळ, हळद तिथल्या बाजारात मिळते, जिरं-हिंग घरून न्या. रोज रात्री खिचडी, म्हणजे एक निर्णय कमी.

ई-व्हिसा ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांपर्यंत मिळतो. अर्जातच पूर्ण मुदत मागा, नाहीतर असा मुक्काम बसत नाही. पुढे निघाल्यावर दिवसाची बस, आणि एका गावात किमान पाच रात्री.