२५ मीटरचं स्पोर्ट पिस्तूल घेण्याआधी काय तपासायचं

एअर पिस्तूलवर हात बसला की पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवरचे बरेच नेमबाज २५ मीटरकडे वळतात, आणि पहिला प्रश्न येतो तो 'पार्डिनी घेऊ, वॉल्थर घेऊ की मोरिनी?' खरं सांगायचं तर स्टँडवर बांधून मारलं तर यातलं कुठलंही धडधाकट पिस्तूल प्रिसिजन (सावकाश नेम धरून मारायच्या टप्प्याच्या) टार्गेटच्या ५० मिलिमीटरच्या दहाच्या रिंगमध्ये सहज गट पाडतं, म्हणजे शॉट जवळजवळ लागतात. त्यामुळे कागदावरचा गट बघून पिस्तूल निवडणं फारसं कामाचं नाही. हातात कसं बसतं, ट्रिगर कसा तुटतो (दाबता दाबता शॉट नेमका कसा सुटतो) आणि पाच शॉटच्या सिरीजमधला पाचवा शॉट दर वेळी सुटतो का, या तीन गोष्टी पारखायच्या.

पिस्तूल हातात घेताना क्रम पक्का ठेवा. आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं तिथे, डोळ्यांनी बघा आणि पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घाला. मॅगझिन आत असताना बोल्ट आधी ओढून सोडला, तर वरचं काडतूस थेट चेंबरमध्ये जातं आणि रिकामं समजलेलं पिस्तूल भरलेलं होतं.

मग मापं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत ट्रिगर ओढायला लागणारा जोर किमान १००० ग्रॅम, पिस्तुलाचं वजन रिकाम्या मॅगझिनसह जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, नेम धरायच्या पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत, आणि अख्खं पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. नवीन पिस्तूल यात बसतंच. घोटाळा होतो तो वापरलेल्यात: आधीच्या मालकाने ग्रिपवर पुट्टी चढवलेली असते आणि रुंदी ५० च्या पुढे गेलेली असते. मोजपट्टी लावूनच बघा.

मॅगझिन कुठे आहे हेही बघा. जुन्या हॅमर्ली २०८ मध्ये ते ग्रिपच्या आत जातं. वॉल्थर जीएसपी, पार्डिनी एसपी यांच्यात ते ट्रिगरच्या पुढे आहे. पुढे असल्यामुळे ग्रिप पोकळ ठेवावी लागत नाही, ती तळहाताप्रमाणे हवी तशी कोरता येते, आणि वजन पुढे गेल्यामुळे नळी शॉटनंतर कमी उसळते. रॅपिड, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत झटपट मारायचा प्रकार, मारणाऱ्याला आम्ही हीच रचना सुचवू.

ग्रिपवर घाई करू नका. पिस्तूल पकडा, डोळे मिटा, हात उचलून नेमाच्या उंचीवर आणा आणि डोळे उघडा. फ्रंट साइट दर वेळी मागच्या साइटच्या खाचेच्या एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिप तळहातात फिरलेली बसते आहे. वर किंवा खाली दिसत असेल तर ग्रिपचा कोन किंवा अंगठ्यामागची जागा जुळत नाही. मनगट वळवून साइट जुळवायची सवय लावून घेऊ नका. रॅपिडमध्ये ७ सेकंद थांबून ३ सेकंदांत हात ४५ अंशांवरून वर येतो, तेव्हा दुरुस्तीला वेळच नसतो. ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही घासू नये, मध्ये कागद सरकेल इतकी फट हवी. खालचा आधार तळहाताला आवळून धरेल इतका घट्ट लावू नका. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी हात सुजतो आणि सकाळी नीट बसलेली ग्रिप टोचायला लागते. लाकूड काढायचं तर सँडपेपरने, थोडं थोडं, मध्ये मारून बघत. काढलेलं लाकूड परत येत नाही, पुट्टी मात्र काढता येते.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. एअर पिस्तूलच्या ५०० ग्रॅमची सवय असलेल्याला १००० ग्रॅम जड वाटतो, म्हणून बहुतेक वजन पहिल्या टप्प्यात टाकतात: पहिला ७५० च्या आसपास, दुसरा २८० ते ३००. एकूण १०३० ते १०५० ठेवा. बरोबर १००० वर लावलेला ट्रिगर स्प्रिंग थोडी सैल झाली की तपासणीत नापास होतो. मोजताना नळी उभी वर, वजन ट्रिगरच्या मध्यावर, आणि सावकाश उचलायचं. झटक्याने उचललं तर आकडा खोटा येतो. ट्रिगर तुटल्यानंतर तो मागे किती जातो हे ठरवणारा स्क्रूही बघा. फार आत असेल तर शॉट सुटणारच नाही, फार बाहेर असेल तर बोट धडकून नळी हलते. शेवटी, बोट किती पुढे सोडल्यावर ट्रिगर पुन्हा लागतो ते दहा-वीस वेळा करून बघा. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये ४ सेकंदांत पाच शॉट मारताना बोट पुरतं सुटलं नाही, तर तो दोष नेमबाजाचाच धरला जातो.

हे सगळं ड्राय, म्हणजे खऱ्या काडतुसाशिवाय, करताना पिस्तुलाची ड्राय फायरची सोय वापरा, नाहीतर डमी काडतूस घाला. या पिस्तुलाचं .२२ कॅलिबरचं काडतूस कडेवर ठोकलं जातं. चेंबर रिकामं असताना फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, तिथे खाच पडते आणि पुढे पुंगळ्या (मारलेल्या काडतुसांची रिकामी कवचं) अडकू लागतात. वापरलेलं पिस्तूल घेताना ही कडा टॉर्च लावून बघाच.

आता सर्वांत महत्त्वाचं, म्हणजे जाम. .२२ च्या काडतुसाला मागे कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. मागे राहिली तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. प्रत्येक मॅगझिनला नंबर घाला आणि प्रत्येकावर एक पूर्ण ५० चा बॉक्स, पाच-पाचच्या दहा सिरीज, मारून बघा. जाम एकाच नंबरवर होत असेल तर त्या मॅगझिनचे वरचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा) वाकलेले आहेत, पिस्तुलात दोष नाही.

शॉट सुटला नाही तर काडतूस फेकू नका, त्याची कड बघा. पिनची खूण खोल आणि स्वच्छ असेल तर काडतूसच फुसकं. खूण उथळ असेल तर बोल्ट पुरता बंद होत नाही, चेंबरमध्ये मेण-काजळी साचली आहे किंवा पिनची स्प्रिंग थकली आहे. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकत असेल तर आधी एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखालची घाण काढा; निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. तरी होत असेल तर काडतुसाचा ब्रँड बदला. काडतूस मात्र स्टँडर्ड व्हेलॉसिटीचंच, म्हणजे साध्या वेगाचंच. या पिस्तुलात बोल्ट फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने थोपलेला असतो, त्यामुळे हाय व्हेलॉसिटी काडतुसाने तो मागे जोरात आपटतो आणि काही हजार शॉटमध्ये बफर (बोल्टचा धक्का झेलणारा तुकडा), मग फ्रेम मार खाते.

साइटचं काम सोपं आहे: फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट दिसली पाहिजे, आणि साइटच्या स्क्रूला दहा क्लिक एकीकडे, दहा उलट दिल्यावर गट मूळ जागी यायला हवा.

पावसाळ्यात केसमधल्या फोममध्ये पिस्तूल ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि बोल्टच्या तोंडावर, मॅगझिनवर तांबूस ठिपके येतात. पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून कोरड्या कपाटात, कुलपात. शिशाची धूळ हाताला असते, साबण-पाण्याने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.

पुणे शहरात शस्त्र परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांखाली. तो हातात येईपर्यंत क्लबच्या पिस्तुलावर, प्रशिक्षकासमोरच सराव करा.

आणि स्पर्धेत शॉट अडकला तर बोल्टला हात लावू नका. नळी टार्गेटकडेच ठेवा, मोकळा हात वर करा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबा. काडतूस फुसकं होतं किंवा पुंगळी अडकली होती हे त्यांना दिसलं तर तो मान्य दोष. तुम्ही आधीच बोल्ट उघडला असेल तर उरलेले शॉट शून्य.